कव्हरखाली झाकलेलं मशीन मुलांना बघू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आमच्या ऐरोलीत मेडिकलवाल्याशी एक काकू वाद घालत होत्या, आधी अॅलर्जीची सेटिरिझिन 10 ची देत होतास आता लेव्होसेटिरिझिन 5 ची देतोस, म्हणजे निम्मंच औषध का. मी मध्ये पडलो आणि सांगितलं की काकू, सेटिरिझिनमध्ये एकाच रेणूची दोन रूपं निम्मी-निम्मी असतात, डाव्या-उजव्या पायाच्या चपलांसारखी, आणि काम मुख्यतः त्यातलं एकच करतं, तेवढंच दिलं की 5 मिलिग्रॅम पुरतं. बीपीच्या अॅम्लोडिपिनचंही तसंच, 5 च्या जागी एस-अॅम्लोडिपिन 2.5.

पण गोळीत खरंच एकच रूप आहे हे कुणीतरी तपासावं लागतं ना. रबाळे एमआयडीसीत क्यूसी (औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये मी तेच करतो, आणि त्यासाठीचं कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचं मशीन मुलांना हाताळायलाच मिळत नाही म्हणून हे पत्र.

दोन्ही रूपांचं वजन सारखं, विरघळणं सारखं, त्यामुळे एचपीएलसीच्या (म्हणजे द्रावण भरलेल्या नळीतून ढकलून घटक वेगळे करणाऱ्या नेहमीच्या मशीनच्या) साध्या कॉलमवर, म्हणजे त्या नळीवर, दोघं एकत्रच बाहेर येतात. मग डावं-उजवं ओळखणारा महागडा कायरल कॉलम आणायचा, आणि मिनिटाला 1 मिली म्हटलं तरी मशीन रात्रंदिवस चाललं की जवळजवळ दीड लिटर सॉल्व्हंट जातं. कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे बारीक नळीत विजेच्या जोरावर घटक वेगळे करताना, बफर (आम्लता कायम ठेवणारं द्रावण) लागतं दिवसाला काही मिली आणि सॅम्पल फक्त काही नॅनोलिटर! काचेची बारीक नळी असते, आतलं भोक साधारण 50 मायक्रॉन, दोन टोकांमध्ये 20-30 हजार व्होल्ट. आम्ल बफरमध्ये अॅम्लोडिपिनवर पॉझिटिव्ह चार्ज येतो आणि ते निगेटिव्ह टोकाकडे धावतं, दोन्ही रूपं बरोबरीनेच पोचली असती पण आपण बफरमध्ये सायक्लोडेक्स्ट्रिन घालतो, ही स्टार्चपासून केलेली छोटीशी वाटीच, बीटा प्रकारात 7 ग्लुकोज गोल जोडलेले, तर या वाटीत एक रूप जरा जास्त रमतं आणि मागे पडतं, आणि स्क्रीनवरच्या आलेखात एका पीकचे, म्हणजे उंचवट्याचे, दोन होतात. मला तर अजूनही ते बघताना बरं वाटतं.

त्रासही आहेत, लपवत नाही. औषध मोजायला टाकलेला प्रकाश तेवढ्याशा भोकातूनच जातो त्यामुळे अगदी थोडी भेसळ पकडायला घाम फुटतो, नळी सोडियम हायड्रॉक्साइडने नीट धुतली नाही तर पीकची वेळ सरकते, व्होल्टेज फार चढवलं की नळी आतून तापते आणि पीक पसरतात. हे हाताने करूनच कळतं.

आणि तेच होत नाहीये. ठाणे-नवी मुंबईतून एमएस्सी झालेली मुलं इंटरव्ह्यूला येतात, एचपीएलसी छान येतं, पण कॅपिलरीचं विचारलं की व्याख्या पाठ आणि मशीन कधी पाहिलेलं नाही. एका कॉलेजात मी गेलो होतो तिथे मशीन आहे, पण कव्हर घालून ठेवलंय, मुलं बिघडवतील म्हणून. नळी तुटेल फार तर, दुसरी कापून लावता येते.

ज्या कॉलेजांकडे हे मशीन आहे त्यांनी महिन्यातून एक शनिवार तरी ते मुलांसाठी चालू करावं, आजूबाजूच्या कॉलेजांच्या मुलांनाही येऊ द्यावं. शनिवारी मला सुट्टी असते, नळी कापण्यापासून सगळं दाखवायला मी फुकट येईन.

आपला,
एक क्यूसी केमिस्ट, ऐरोली