डेन्मार्कमधल्या लुईझियाना कलासंग्रहालयाच्या बागेत आम्हाला फिरवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आभार फोनवरही मानता आले असते, पण फोनवर तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत पत्र. शिवाय आमच्यासारखे मुलांकडे राहायला गेलेले आईबाप आता घरोघरी आहेत. त्यांच्यापैकी कुणी डेन्मार्कला गेलं, तर त्यांच्याही उपयोगी पडेल.

कोपनहेगन सोडून हुम्लेबेकसारख्या लहानशा गावात अख्खा दिवस घालवायचा, तोही आधुनिक शिल्पं बघायला, हे आमच्या ह्यांच्या पचनी पडत नव्हतं. तुम्ही आगगाडीतच त्यांना निम्मं वळवलंत. त्या जागेच्या पहिल्या मालकाने, अलेक्झांडर ब्रूनने, घराला ‘लुईझियाना’ नाव दिलं, कारण त्याच्या तिन्ही बायकांचं नाव लुईझ! (एकीच्या पश्चात दुसरी, हे मात्र तुम्ही जरा सावकाश सांगितलंत.) पुढे घरच्या चीजच्या धंद्यात मुरलेल्या क्नुड येन्सन यांनी 1958 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. हे आता घरी येईल त्याला तीन लुईझींची गोष्ट ऐकवतात.

आत गेल्यावर सगळे दालनांकडे वळले आणि तुम्ही आम्हाला थेट बागेत नेलंत. “पायांत जोर आहे तोवर उतार उरकून घ्या, चित्रं काय, बसूनही बघता येतात.” माझे गुडघे तुम्ही न सांगता ओळखले होते. घडीचं स्टूलही आठवणीने आणलं होतंत.

इंग्रज शिल्पकार हेन्री मूरची ती पहुडलेली आकृती! ब्राँझचे दोन वेगळे तुकडे: एक डोकं-खांद्यांचा, टेकून उठल्यासारखा, दुसरा पायांचा, पण पाय कसले, कातळच. मी समोर उभी राहून पाटी शोधत होते, तर तुम्ही म्हणालात, “वहिनी, पाटी राहू द्या, आधी मागून या.” मागून बाईचा मागमूस नाही. दोन खडक, मधल्या फटीत ओरेसुंड सामुद्रधुनीचं पाणी आणि पलीकडे स्वीडनचा किनारा. चार पावलं सरकलं की फट मिटते. हे दालनात कसं दिसणार?

तेव्हाच मला आमचं औंध आठवलं. पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयातही मूरचं ‘आई आणि मूल’ आहे, हे सांगितल्यावर तुम्ही मला दोनदा विचारलंत, “सातारा जिल्ह्यात?” हो, सातारा जिल्ह्यात! औंधात गर्दी रविवर्म्याच्या चित्रांपुढे असते, मूरपाशी फारसं कुणी थांबत नाही. कोळसा खाणीतल्या कामगाराच्या या पोराचं एक काम तुमच्या समुद्रकाठी आणि एक आमच्या यमाईच्या डोंगरावर, याची मला फार मौज वाटली.

कॅफेच्या गच्चीवर अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरच्या हलत्या शिल्पांपाशी मात्र ह्यांची कळी खुलली. वारा आला की ते रंगीत पत्रे डुलतात, फिरतात, पुन्हा तोल सावरून स्थिरावतात. काल्डर मुळात मेकॅनिकल इंजिनिअर आणि 1955 मध्ये उद्योगपती साराभाई कुटुंबाकडे अहमदाबादला येऊन त्याने शिल्पं केली होती, हे तुमच्याकडून कळल्यावर तर आमच्या निवृत्त इंजिनिअरांना बोलायला विषयच मिळाला. कॉफी गार झाली तरी टेकू कुठे, वजन किती, हे चालूच.

शिल्पकार रिचर्ड सेराच्या पोलादी पात्यांबद्दल आपलं जमलं नाही, ते तसंच राहू दे. समुद्राकडे उतरणाऱ्या घळीत उभी केलेली ती गंजलेली पाती मला अजूनही अंगावर येणारी वाटतात. तुम्ही म्हणता, तीच तर गंमत. असेल. पण ओल्या पाचोळ्यावर तुम्ही पुढे पाऊल टाकून बघत होतात आणि मागे हात देत होतात, म्हणून तरी मी तिथवर उतरले.

आणि एक. तुम्ही एकदाही ‘याचा अर्थ असा’ म्हणाला नाहीत. नातेवाइकांना हिंडवताना आम्ही किती बडबडतो! तुमच्या गप्प राहण्याचेही आभार.

भारतात याल तेव्हा नागपूरला जाण्याआधी साताऱ्याला उतरा. औंधला मी नेते. तारीख मात्र आधी कळवा, संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं ते विचारून ठेवीन.

तुमची,
साताऱ्याची वहिनी