काकूंच्या गोळ्या आणि उपाशी जंतू

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. क्षयाच्या दोन महिन्यांच्या औषधांनी काकूंचा खोकला थांबला आणि थुंकीत जंतू दिसेनासे झाले, हे वाचून बरे वाटले. पण "आता गोळ्या पुरे" असे त्या म्हणू लागल्या आहेत, आणि "अंडी-दूध खाल्ले की आतला जंतूच पोसतो" असे त्यांच्या बरोबर विड्या वळणाऱ्या बायकांनी त्यांना सांगितले आहे, हे वाचल्यावर मला झोप लागेना. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे: छातीत शिरलेल्या जंतूला खायला काय मिळते, आणि न मिळाले तर तो काय करतो. हा विषय मी इतकी वर्षे शिकवीत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. निपाणीला तूच ते काकूंना समजावून सांग.

श्वासनलिका उबदार आणि ओलसर असते, म्हणून जंतूंना तिथे सुकाळ असेल असे वाटते. प्रत्यक्षात तिथे कायमची टंचाई असते, आणि ती शरीराने मुद्दाम घडवून आणलेली असते. श्वासमार्गाच्या आतल्या पातळ थरात साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच असते. (मधुमेहात ती वाढते, म्हणून काकूंची शुगर आटोक्यात ठेवणे हाही उपचाराचाच भाग समज.) लोहाच्या बाबतीत तर शरीर फारच कडक आहे. श्लेष्मातले लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन मोकळे लोह पकडून ठेवते, रक्तात तेच काम ट्रान्सफेरिन हे प्रथिन करते, आणि संसर्ग झाला की उरलेले लोहही पेशींच्या आत साठवले जाते. दुष्काळाची चाहूल लागताच जुन्या लोकांनी धान्याच्या पेवाचे तोंड बुजवून टाकावे, तसे.

जंतूही हटत नाहीत. हिमोफिलस इन्फ्लुएंझा हा जंतू रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये फ्लूच्या साथीत वेगळा केला आणि त्यालाच फ्लूचे कारण मानले. ते चुकीचे ठरले, पण त्याची भूक मात्र खरी होती. रक्तातले हीम (लोह असलेला रेणू) आणि एनएडी (पेशींना ऊर्जेच्या कामात लागणारा रेणू) मिळाल्याखेरीज तो वाढत नाही, म्हणून प्रयोगशाळेत त्याच्यासाठी रक्त तापवून तपकिरी माध्यम करावे लागते, ज्याला आम्ही चॉकलेट आगर म्हणतो. स्यूडोमोनास नावाचा जंतू आणि क्षयाचा जंतू लोह ओढून आणणारे रेणू स्वतःच तयार करून बाहेर सोडतात.

आता काकूंच्या जंतूकडे येतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवलेला क्षयाचा जंतू आधीच संथ आहे: आतड्यातला ई. कोलाय पोषक माध्यमात वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला सुमारे वीस तास लागतात. तो शरीराच्या, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींतच घर करतो आणि तिथली चरबी व कोलेस्टेरॉल खाऊन राहतो. अन्न किंवा प्राणवायू फारच कमी पडला की तो मरत नाही, वाढ जवळजवळ थांबवून पडून राहतो. उपासमार होताच जंतूच्या आत पीपीजीपीपी नावाचा छोटा रेणू साठतो आणि प्रथिने बनवण्याचा सगळा पसारा आवरता घेतो. हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण बहुतेक प्रतिजैविके वाढत्या जंतूवर घाव घालतात; पेनिसिलिनसारखी काही तर वाढताना तो स्वतःभोवती जी भिंत बांधतो तिच्यावरच. जो भिंत बांधतच नाही, त्याची भिंत पाडणार कशी? डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच दाखवले होते की पेनिसिलिनने बाकीचे जंतू मेले तरी थोडे तग धरून उरतात, आणि औषध काढून घेताच पुन्हा वाढतात.

काकूंच्या पहिल्या दोन महिन्यांच्या चार औषधांनी भराभर वाढणारे जंतू मारले, म्हणून खोकला थांबला. पुढचे चार महिने तीन औषधे आहेत ती या पडून राहिलेल्यांसाठी. ते एकदम उठत नाहीत, अधूनमधून थोडे जागे होतात, आणि त्या क्षणी त्या तिघांतले रिफाम्पिसिन शरीरात हजर असावे लागते. आज गोळ्या थांबवल्या तर उरलेल्यांना रान मोकळे होईल.

राहिली अंड्यांची गोष्ट. काकूंनी ताट अर्धे ठेवले म्हणून जंतूला काडीचाही त्रास होत नाही, कारण त्याचे अन्न म्हणजे काकूंच्या पेशीच आहेत. उपाशी शरीराची मात्र लढण्याची ताकद जाते. झारखंडात रुग्णांच्या घरच्यांना दरमहा धान्य-डाळ देऊन केलेल्या चाचणीत, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. तेव्हा तूही पोटभर जेव. क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे दरमहा १००० रुपये काकूंच्या खात्यात जमा होतात का, ते आशा ताईंना विचारून घे. त्यातून शेंगदाणे, डाळ, अंडी आण.

रविवारी सकाळच्या बसने मी निपाणीला येतो. गोळ्यांची पाकिटे काढून ठेव, मी स्वतः मोजून पाहतो. काकूंना माझा साष्टांग नमस्कार.

तुझा बालमित्र