खतखड्ड्यातील अंडी न काढण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापन समिती

महोदय,

बागेच्या कोपऱ्यातल्या खतखड्ड्यात काल माळीकाकांना अंडी सापडली. त्यांनी पालापाचोळा पुन्हा वर ओढून ठेवला, हे फार चांगले केले. रात्री मात्र सभासदांच्या ग्रुपवर ‘खड्डा उपसून टाका’ असा आग्रह सुरू झाला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माळीकाकांच्या सांगण्यावरून अंडी लांबट, मऊ चामडी कवचाची आणि एकमेकांना चिकटलेली आहेत. म्हणजे ती बहुधा सापाची असावीत. पालीची अंडी इवलीशी, गोल आणि टणक असतात. घोणस आणि फुरसे थेट पिल्लांना जन्म देतात, तेव्हा ती दोन नावे बाद. धामण असू शकते, नागही असू शकतो. बहुतेक सापांच्या माद्या अंडी घालून निघून जातात, पण नागाची मादी जवळपास थांबते. त्यामुळे खड्ड्यात कुणीही हात किंवा काठी घालू नये, अगदी फोटोसाठीसुद्धा.

‘उचलून लांब कुठेतरी ठेवू’ ही सूचना चांगल्या मनाने आली आहे, पण त्याने पिल्ले वाचणार नाहीत. सापाच्या अंड्यात गर्भ कवचाच्या आतून वरच्या बाजूला चिकटून वाढतो. अंडे उलटले तर तो आतच मरू शकतो. शिवाय कुजणाऱ्या पाल्याची ऊब आणि ओल दुसरीकडे मिळत नाही. मादीने हीच जागा निवडली ती त्यासाठीच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत सरपटणाऱ्या वन्य प्राण्यांची अंडी फोडणे आणि त्यांच्या घरट्याला धक्का लावणेही येते. सोसायटीने त्या वाटेला जाऊ नये.

माझी विनंती अशी: आजच खड्ड्याभोवती दोरी बांधून फलक लावावा, मुलांना तिकडे खेळू देऊ नये आणि वनविभागाला कळवून जाणकार सर्पमित्राला जागेवर बोलवावे. नागाची पिल्लेही जन्मतः विषारी असतात, त्यामुळे अंडी नागाची निघाली तर ती हलवायची का, हे वनविभागानेच ठरवावे. धामणीची असतील, तर साधारण दोन महिने खत उकरू नये आणि तिथे औषध फवारू नये. उंदीर खाणारा हा बिनविषारी साप आपल्या बागेत असलेला मला तरी हवा आहे.

खत काढायचा नेहमीचा दिवस परवा आहे. त्याआधी माळीकाकांना लेखी सूचना द्यावी.

आपली,
बागेलगतच्या इमारतीतील रहिवासी