हायड्रावाल्याची परीक्षा कोण घेणार?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. टाक्या, स्ट्रक्चर, ऑफ सीझनला साखर कारखान्यांची दुरुस्ती, असलं सगळं. स्वतःची क्रेन परवडत नाही, त्यामुळं बोजा आला की फोन करायचा आणि भाड्यानं हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) मागवायचा, आमच्याकडं बहुतेक सगळे हेच करतात. आणि हायड्राबरोबर जो माणूस येतो त्याला काय येतंय काय नाही हे मी कैक वर्षं एकदाही विचारलं नव्हतं, ते आधीच कबूल करतो, नाहीतर पुढचं वाचताना हा कोण शहाणा आला असं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या पॉवर प्रेसची बॉडी ट्रकमधून उतरवायची होती. हायड्रा आला, ऑपरेटर विशीतला पोरगा, कानात हेडफोन. वजन किती हे त्यानं विचारलंच नाही. ट्रकवाला म्हणाला तीन टन असंल, माझा फिटर म्हणाला चार, शेवटी उचलून बघू असं ठरलं. ट्रक गेटमध्ये तिरका अडकलेला म्हणून बूम (क्रेनचा पुढचा लांब हात) लांब काढला होता, आणि बोजा फाळक्याच्या वर आला तशी हायड्राची मागची चाकं जमिनीवरनं सुटली. आता तिथं बोजा हळू खाली टेकवायचा की नाही? तर ह्यानं हाळी दिली, "मागं चारजण उभं ऱ्हावा की!" आणि साहेब, मी माझीच चार माणसं मागं चढवली. चाकं टेकली, सगळे हसले पण. मग तो तसाच बोजा घेऊन वळायला लागला, पुढचं चाक खड्ड्यात गेलं, बोजा झोकांडला आणि ज्यानं तो हुकाला बांधला होता तो बेल्ट बॉडीच्या धारेवर घासून तुटला. एका हेल्परच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. दवाखान्याचा खर्च मी केला, आणि तो पोरगा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गेटवर हायड्रा चालवत होता.

नंतर मी क्रेनमालकाकडं कागद मागितले. गंमत अशी की क्रेनचे कागद चोख! १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टच्या कलम २९ मध्ये लिहिलं होतं की उचलायचं मशीन, साखळी, वायर रोप हे सगळं बारा महिन्यांतनं एकदा तरी सक्षम माणसाकडून तपासून घ्यायचं, किती भार उचलायचा ते लिहून ठेवायचं, रजिस्टर ठेवायचं. ते सगळं होतं, सही शिक्का होता. आणि ऑपरेटरचं काय, तर आरटीओचं लायसन. लायसन म्हणजे गाडी रस्त्यावर चालवता येते एवढंच की हो, हुकाला चार टन लटकत असताना काय करायचं हे आरटीओच्या ट्रॅकवर कोण विचारतंय? लोखंडाची दरवर्षी तपासणी आणि लिव्हर ओढणाऱ्याची आयुष्यात एकदाही नाही.

बांधकामासाठी नियम आहे, नाही असं नाही. १९९८ च्या केंद्रीय नियमांत म्हटलंय की क्रेन चालवणारा आणि सिग्नल देणारा दोघंही अठरा वर्षांच्या वरचे पाहिजेत, सक्षम आणि भरवशाचे पाहिजेत, कामातला धोका त्यांना माहीत पाहिजे, वेळोवेळी डॉक्टरी तपासणी पाहिजे. चांगलंय. पण सक्षम आहे हे ठरवायचं कुणी आणि कसं, तिथंच घोडं पेंड खातंय. ठेकेदारानं म्हटलं सक्षम की झाला सक्षम.

लोकांना वाटतं चौदा टनी क्रेन म्हणजे चौदा टन उचलणार. तसं नसतंय. तो आकडा बूम आखूड आणि बोजा एकदम जवळ असतानाचा, बूम जसजसा लांब काढाल तसतशी ताकद भराभर उतरते, किती उतरते त्याचा तक्ता केबिनमध्ये लावलेला असतो (निम्म्या हायड्रात तो उन्हानं पांढरा पडलेला, मी आता मुद्दाम बघतो). त्यात हायड्राची बॉडीच मधोमध वळते, वळलेल्या अवस्थेत तो सरळ असतानाएवढं उचलूच शकत नाही. आणि बेल्टचं गणित तर मला स्वतःला माहीत नव्हतं. दोन टनाचा बोजा दोन बेल्टनं उचलला तर एकेकावर एक टन येणार असं आपण धरतो, पण ते बेल्ट सरळ उभे असतील तरच. बेल्टचा जमिनीशी साठ अंशाचा कोन असेल तर एकेकावर साडेअकराशे किलोच्या आसपास येतं, आणि बेल्ट आखूड पडला म्हणून फाकून तीस अंशावर आणला तर प्रत्येकावर पुरे दोन टन. माझा फिटर वीस वर्षं बेल्ट बांधतोय, त्याला कागदावर काढून दाखवलं तर म्हणतो, मालक, हे आधी का नाही सांगितलं. आता काय उत्तर देणार.

हे पुस्तकातनंच येतं असं पण नाही. आमच्याकडं एक म्हातारे ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, चौथी शिकलेले. आल्या आल्या खाली उतरणार, बोजाभोवती चक्कर मारणार, वजन विचारणार, कुणी अंदाजानं सांगितलं तर बिल दाखवा म्हणणार. मग जमिनीवर टाच मारून बघणार. धारेवर पोत्याचं नाहीतर जुन्या टायरचं तुकडं घालणार. बोजा वीतभर उचलून थांबणार, चांगलं मोजून थांबणार, आणि तेवढ्या वेळात कुणी काही बोललेलं त्यांना चालत नाही. एकदा त्यांनी माझा बोजा उचलायला सरळ नाही म्हटलं आणि हायड्रा घेऊन निघून गेले, मी भाड्यावरनं भांडलो होतो, आज लाज वाटते.

म्हणून माझं म्हणणं असं की परीक्षा पाहिजेच, पण लेखी पेपर घेतला तर मामा नापास आणि तो हेडफोनवाला पास. परीक्षा हुकाखाली व्हायला पाहिजे. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचे ऑपरेटरचे कोर्स आहेत, ज्याला काम आधीच येतंय त्याची परीक्षा घेऊन दाखला द्यायची आरपीएलची सोय पण आहे, पण आमच्या गेटवर तो दाखला कुणी मागत नाही त्यामुळं कुणी काढत पण नाही. मागायला लागले की दुसरंच सुरू होईल, मला आत्ताच एक फोन येऊन गेलाय, आधार आणि फोटो पाठवा, कार्ड घरपोच. असली कार्डं वाटायची असतील तर नकोच ते.

अमेरिकेत क्रेन ऑपरेटरचा दाखला पाच वर्षंच चालतो. आणि २०१८ च्या तिथल्या नियमानं नुसता दाखला पण पुरत नाही, ज्या मशीनवर आणि ज्या कामावर माणूस बसवणार त्यावर मालकानं त्याला वेगळं तपासायचं. आणखी एक गोष्ट मला फार आवडली, परीक्षा उमेदवाराला समजेल त्या भाषेत घेता येते, कामापुरतं वाचता येत असेल तर तोंडी पण. मग आपल्याकडं मराठीत, हिंदीत तोंडी घ्यायला काय हरकत आहे, निम्मे ऑपरेटर तर बिहार झारखंडचे आहेत.

परीक्षेत काय विचारावं तर दोन ड्रमच्या मधनं बोजा न लागता नेऊन दाखव, तक्ता बघून सांग ह्या बूमला किती उचलेल, खलाशाचा (बेल्ट बांधून सिग्नल देणाऱ्याचा) हात वर गेला तर काय करशील. पण एक आयटम पाहिजेच पाहिजे. न सांगता जास्त वजनाचा बोजा लावायचा, बाजूला एकजण उभा करायचा 'उचल रे, काय होत नाही' म्हणणारा, आणि बघायचं हा लिव्हर सोडतो का. सोडला तर पास. बाकी सगळं येऊन हे येत नसेल तर कार्ड द्यायचं नाही. परीक्षा घेणारा क्रेनमालकाचा पाहुणा नको आणि कोर्सची फी घेणारा पण नको. खलाशाला पण हेच लागू करा, बेल्ट तो बांधतो.

३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर चढवायची क्रेन) कोसळून २० जण गेले, १ ऑगस्ट २०२० ला विशाखापट्टणमच्या शिपयार्डमध्ये क्रेनची चाचणी चालू असतानाच ती पडून ११ गेले. ते पेपरात आलं. माझ्या हेल्परची दोन बोटं कुठल्याच पेपरात आली नाहीत, आणि विहिरीवरच्या यारीचा (गाळ-दगड वर ओढायच्या यंत्राचा) वायर रोप तुटला तर आतल्या पानावर चार ओळी. मिरजेत विसर्जनाला क्रेननं मूर्ती उचलतात तेव्हा हुकाखाली किती पोरं नाचत असतात ते यंदा जरा बघा.

आता फॅक्टरी अॅक्टची जागा २०२० च्या सेफ्टीच्या कोडनं (कामगार सुरक्षेच्या नव्या कायद्यानं) २०२५ मध्ये घेतलीय, तर नियमांत मशीनच्या तपासणीच्या खालीच एक ओळ माणसाची पण घाला एवढंच मागणं आहे. क्रेनमालक म्हणतील आधीच ऑपरेटर मिळत नाहीत त्यात ही अट. बरोबर आहे, सुरुवातीला भाडं वाढेल, मी देईन, आत्ता मामांना तासाला जास्त देतोच आहे.

हे पत्र लिहायच्या आधी मामांना विचारलं, असली परीक्षा आली तर द्याल का. म्हणाले, "देतो की, फकस्त लिवाय लावू नका. आनि डोळं तपासा म्हनावं आधी, उजव्या डोळ्यानं सांजचं मला हुकाचं लॅच दिसंना झालंय." मामा अजून रोज हायड्रावर बसतात.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला, कुपवाड, जि. सांगली