बियाण्याची पिशवी जपून ठेवा

मा. संपादक,

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत ही ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाच नव्हता. तो आला १९८६ मध्ये. आधी कार्यकर्ते, मग कायदा, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. संघटना बांधण्यातच त्यांचे आयुष्य गेले. आपल्या खान्देशात मात्र हे काम शहरातल्या वीजबिल-विम्यापुरतेच राहू नये.

कपाशीचे बियाणे उगवले नाही की चोपडा, शिरपूर, शहाद्याचा शेतकरी दुकानदाराशी भांडतो, नशिबाला दोष देतो आणि दुबार पेरणी करतो. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण पुरावा हवा! पक्की पावती, पिशवीवरचा टॅग (माहितीची चिठ्ठी), रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणे ठेवा. कृषी विभागाकडे लेखी तक्रार करून पंचनामा लगेच मागा.

ग्राहक संघटनांनी मे महिन्यात, खरेदीच्या ऐन हंगामात, आठवडे बाजारात बसून हे सांगावे, ही कळकळीची विनंती.

— एक शेतकरी वाचक, चोपडा (जि. जळगाव)