करंगळी सोडून बाकीची बोटं बधिर होतात?

संपादक महोदय,

मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवते. शाळा उघडायच्या आधीचे दोन-तीन महिने आमच्याकडे मशीन थांबत नाही. त्या दिवसांत आमच्यातल्या कितीतरी जणी रात्री हाताला मुंग्या येऊन उठतात, हात झटकत बसतात आणि सकाळी पुन्हा कात्री धरतात. कुणाला सांगितलं तर वात आहे, अंगात ताकद नाही, हेच ऐकायला मिळतं. मीही बाम लावला, शेकलं, ताकदीची इंजेक्शनं घेतली. शेवटी सुई चिमटीत आहे की निसटली, हे बघितल्याशिवाय कळेना.

हाडांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "करंगळीला मुंग्या येतात का?" नव्हत्या येत. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढंच बधिर. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून नऊ कंडरा (बोटं हलवणाऱ्या दोऱ्या) आणि बोटांना जाणीव देणारी एक नस (मज्जातंतू) जाते. जागा कमी पडली की नस दबते, याला डॉक्टर कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. थायरॉइड, मधुमेह आणि गरोदरपणातही हे होतं, म्हणून माझी रक्ततपासणी झाली. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधूनही झोप लागेना, तेव्हा सोनोग्राफीत बघून मनगटात स्टेरॉइडचं, म्हणजे सूज कमी करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन द्यायचं ठरलं.

सोनोग्राफी पोटाचीच असते असं मला वाटायचं. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. नस मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळीदार दिसत होती, बाजूला रक्तवाहिनी उडत होती. सुई पांढऱ्या रेघेसारखी आत आली, नसेला न टोचता तिच्या कडेला थांबली आणि औषध काळं होऊन नसेभोवती पसरलं. दोन दिवस मनगट ठणकलं, मग हळूहळू रात्रीची झोप परत आली.

हा कायमचा इलाज आहे असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही. स्वीडनमधल्या २०१३ च्या एका चाचणीत स्टेरॉइडचा जास्त डोस घेतलेल्यांपैकी ७३ टक्के आणि स्टेरॉइड नसलेलं नुसतं खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली. मधुमेह असेल तर काही दिवस साखरही वाढते. पण हातावर पोट असलेल्या बाईला हंगामभराचा आराम ही फार मोठी गोष्ट आहे.

माझी मागणी एवढीच. सोलापुरात शिवणकाम करणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत. सरकारी आणि कामगार विम्याच्या रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस हाताच्या तपासणीसाठी ठेवावा आणि हे इंजेक्शन तिथेच मिळावं. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र उचलून कारखान्यातल्या शिबिरात नेता येत नाही, आणि तो कायदा हवाच. म्हणूनच रुग्णालयात सोय लागते. आरोग्य शिबिरांत रक्तदाब बघतात तसा करंगळीचा प्रश्नही विचारावा, त्याला काही खर्च नाही. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं मांस झिजायला लागलं की इंजेक्शनवर भागत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या बाईचं तसंच झालं आहे, तिला आता कात्री धरता येत नाही.

– एक शिलाई कामगार, सोलापूर