मोनोलॉग कोणता घ्यावा: छकुलीला पत्र

बर्मिंगहॅम
12 नोव्हेंबर

चि. छकुली,
अनेक उत्तम आशीर्वाद. दादा-वहिनींना नमस्कार, आजीच्या पायावर डोकं. धानाची कापणी उरकून बांधीत पुंजणे लागले असतील, म्हणजे दादाला संध्याकाळचा थोडा वेळ मिळेल. त्याच्याकडे काम आहे, पुढे सांगते.

नाटकाच्या वर्गात सरांनी दोन मिनिटांचा अभिजात मोनोलॉग, म्हणजे एकाच पात्राचं सलग बोलणं, करायला सांगितला आणि वर्गातले निम्मे पोट्टे ‘नटसम्राट’ धरून बसले, असं लिहिलंस. तू त्या रांगेत जाऊ नको. शिरवाडकरांचं 1970 चं ते नाटक मोठंच आहे, पण आप्पासाहेबांचा थकवा एकोणीस वर्षांच्या अंगात उतरत नाही. मग खोकला, थरथरता हात आणि घोगरा आवाज एवढंच उरतं. ‘एकच प्याला’तली सिंधूही आत्ता नको. गडकऱ्यांनी शेवटचा श्वास आपल्या सावनेरला घेतला, म्हणून त्यांच्याबद्दल आपल्याला जरा जास्तच माया. पण सिंधू सोसत राहते, आणि सोसणं दोन मिनिटांत उभं करणं फार अवघड. उतारा असा पाहिजे की बोलणारीला समोरच्याकडून काहीतरी हवं आहे, आणि शेवटच्या वाक्याला ती पहिल्या वाक्याच्या जागी राहिलेली नाही. सरांनी पाश्चात्त्यच मागितलं तर ग्रीक नाटककार सोफोक्लीसची अँटिगनी घे. क्रेऑन राजाला ती उत्तर देते तो भाग जेमतेम 20 ओळींचा आहे आणि वयही तुझ्याजवळचं.

माझं मन मात्र भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तल्या वासंतीवर आहे. आठव्या शतकातला हा नाटककार आपला वैदर्भीय, आमगावजवळचं पद्मपूर हे त्याचं गाव मानतात. नाटक सात अंकी आहे. तुझा उतारा तिसऱ्या अंकात, पण आधी सगळं वाच, निदान पहिला अंक तरी नीट. गर्भवती सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपते आणि तेवढ्यात दुर्मुख हा हेर लोकापवादाची बातमी आणतो. हे डोळ्यांपुढे नसेल तर वासंतीचा राग पोकळ वाटेल.

बारा वर्षांनी राम पंचवटीच्या रानात येतो. वासंती तिथली वनदेवता, सीतेची मैत्रीण. ती त्याला ‘महाराज’ म्हणते आणि फक्त लक्ष्मणाची खुशाली विचारते. सीतेचं नावसुद्धा काढत नाही, आणि रामाला तेवढ्यानेच कळतं की हिला सगळं ठाऊक आहे. तुझी सुरुवात इथून कर: थंड, अदबीने, जवळजवळ कोरडी.

मग तो श्लोक येतो, ‘त्वं जीवितं त्वमसि मे हृदयं द्वितीयं’. तू माझं जीवन, तू माझं दुसरं हृदय, डोळ्यांचं चांदणं, अंगावरचं अमृत. हे शब्द रामाचेच, सीतेला सांगितलेले. वासंती ते त्याला परत ऐकवते. अशा शेकडो गोड बोलांनी त्या भोळीला भुलवून तिलाच... आणि वाक्य तुटतं. ‘शांतम्, पुढे बोलून काय’ एवढं म्हणून ती मूर्च्छित होते. भवभूतीने क्रियापद लिहिलेलंच नाही. ते तूही भरू नको, आणि अनुवादकाने ‘टाकलंस’ घातलं असेल तर काढून टाक. ती जागा मोकळी ठेव, एक पूर्ण श्वास.

यानंतरचं संभाषण शिवून घ्यावं लागेल. असं का केलंस, हा तिचा प्रश्न. लोकांना सहन होत नाही, हे रामाचं उत्तर. का, हा तिचा पुढचा प्रश्न. रामाची वाक्यं गाळ, पण त्यांची जागा गाळू नको. तो बोलला हे तुझ्या चेहऱ्यावर दिसलं पाहिजे, नाहीतर प्रश्नांची नुसती माळ होते. शेवट ‘अयि कठोर’ या श्लोकावर: तुला यश प्रिय म्हणतात, मग याहून घोर अपयश कोणतं? रानात त्या हरिणाक्षीचं काय झालं असेल, सांग. खरी धार या ‘सांग’वर आहे, आणि उत्तर यायच्या आत थांब.

दोन अनुवाद समोर ठेवून तुझ्या तोंडी बसेल असा मजकूर तयार कर, साधारण 200 शब्द. त्याहून जास्त झाले तर शेवटी धावावं लागेल. पहिला श्लोक मात्र संस्कृतातच ठेव, कारण तिथे ती रामाचे शब्द उद्धृत करते. वसंततिलका वृत्त आहे, ओळीला 14 अक्षरं. एक ओळ एका श्वासात. चालीवर म्हणू नको, वृत्त कानात राहू दे आणि बोल.

चुका कुठे होतात तेही सांगते. पहिली, आरंभालाच रडणं. मग पुढे चढायला जागा राहत नाही. दुसरी या प्रवेशातलीच: सीता तिथे अदृश्य उभी आहे आणि उलट रामाचीच बाजू घेते आहे. हे तुला माहीत आहे, वासंतीला नाही. सीतेच्या दिशेला नजर गेली की सगळं फसलं. राम कुठे आहे ते आधी ठरव, सरांच्या खुर्चीत नको, त्यांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर एक खूण. मूर्च्छेत सिमेंटच्या फरशीवर पडू नको. गुडघा वाकव, तोल जाऊ दे, सावर. वर्गात तेवढं पुरतं.

आवाजाचं. वडशाची झाडीपट्टी नाटकं बघत वाढलीस, त्यामुळे शेवटचं अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय कानाला आहे. ती मोठी पुंजी आहे, सोडू नको. फक्त आवाजाची पातळी उतरव. तिथे मंडपात हजारो माणसं, इथे सर दहा फुटांवर. आपल्या झाडीबोलीत ण, ळ, श, ष नाहीत. बोली घरी तशीच राहू दे, पण या उताऱ्यासाठी ‘हरिणाक्षी’तला ण आणि ‘यश’मधला श वेगळे घोटून घे. जीभ टाळूकडे वळवून रोज दहा मिनिटं, आधी सावकाश, मग वेगात.

पाठ करताना ओळींवर जाऊ नको, विचारांवर जा. अंगणात चालत म्हण आणि विचार बदलला की दिशा बदल. कुठे वळायचं ते कळत नसेल तर तो भाग अजून समजलेला नाही. मजकूर बसला की दादाला खाटेवर राम म्हणून बसव. त्याने बोलायचं नाही, नुसतं तुझ्याकडे बघायचं. मोबाइल दहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड कर आणि आधी पडद्याकडे पाठ करून नुसता आवाज ऐक.

वर्गात गेल्यावर स्वतःचं नाव, नाटक, नाटककार, अंक आणि पात्र एवढंच सांग. मग मान खाली घालून एक श्वास घे, आणि ‘महाराज’.

जुळवलेला मजकूर हाताने लिहून त्याचा फोटो पाठव, श्वासाच्या खुणा लाल पेन्सिलने करून. रविवारी फोनवर ओळ न् ओळ बघू.

तुझी,
आत्या